टेक्सासात पहिला गळ टाकताना

टेक्सासात नवखा माणूस थेट लार्जमाउथ बास या मोठ्या तोंडाच्या माशाच्या मागे लागतो आणि दिवसभर कोरडा बसतो. आधी ब्ल्यूगिल हा छोटा मासा धरा. त्याचं तोंड इवलंसं, म्हणून ८ नंबरचा गळ आणि नखाएवढाच गांडुळाचा तुकडा पुरे. अख्खं गांडूळ लावलंत तर शेपटाकडून कुरतडून नेतो, गळ रिकामा वर येतो. बॉबर, म्हणजे दोरीवरचा तरंगणारा गोळा, नुसता थरथरला तर हात आवरा. बुडून सरकायला लागला की मनगटाने हलका झटका द्या.

मग चॅनेल कॅटफिश. संध्याकाळी, अगदी तळाला, कोंबडीची कलेजी. जोरात फेकली की ती हवेतच सुटते, म्हणून नायलॉनच्या जुन्या पातळ मोज्याच्या तुकड्यात बांधून लावा. पाठीवर एक आणि बाजूंना दोन काटे असतात, आपल्या शिंगाळ्यासारखेच. लहान माशाचे जास्त टोचतात, त्यामुळे काट्यांच्या मागून पकडा.

लार्जमाउथ साधारणपणे १४ इंचांखालचा ठेवता येत नाही, दिवसाला जास्तीत जास्त ५. पण तलावागणिक नियम बदलतो: लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला सोडावाच लागतो. मोजपट्टी जवळ ठेवा. १७ वर्षं पूर्ण झाली की साधारणपणे परवाना हवा. स्टेट पार्कात काठावरून गळ टाकायला मात्र लागत नाही.