पर्यटकांमुळे गोरिलांना आजार होत नाहीत का? मग पर्यटनाने ते वाचतात कसे?

तुमची भीती खरी आहे. माणसाची साधी सर्दीसुद्धा गोरिलाला महागात पडू शकते. म्हणून एका कळपाकडे दिवसाला आठच पर्यटक सोडतात, तेही तासाभरापुरते. आजारी माणसाला तर जाऊच देत नाहीत.

पण १९९६ साली युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलातल्या गोरिलांना खरूज झाली आणि एक पिल्लू दगावलं, तेव्हा संशय पर्यटकांवर नाही, शेतातल्या बुजगावण्यांवर आला. बुजगावण्यांच्या अंगावरचे गावकऱ्यांचे जुने कपडे गोरिलांनी हाताळले असावेत. तिथल्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांना तेव्हाच कळलं, की गावात खरूज असेल तर ती जंगलातही जाणार. २००३ मध्ये त्यांनी गावकरी आणि गोरिला या दोघांच्याही आरोग्यावर काम करणारी संस्था काढली.

मी ब्विंडीला गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. केळीची बाग संपते तिथेच जंगल सुरू होतं. गोरिला बागेत शिरतात, केळीची खोडं सोलून आतला गाभा खातात. ज्याची बाग गेली त्याला 'प्राणी दुर्मिळ आहे हो' म्हणून काय उपयोग? गावातलेच शिकवून तयार केलेले स्वयंसेवक त्या कळपाला इजा न करता परत जंगलात वळवतात. गावाला गोरिलाचा काही फायदा असेल, तरच हे टिकतं.

तो फायदा पर्यटनातून येतो, पण माझ्या मते फार कमी. युगांडात परदेशी पर्यटकाला गोरिला पाहायचा परवाना ८०० डॉलरचा, त्यातले गावांच्या वाट्याला १० डॉलर. शिवाय उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा २० टक्के हिस्सा. रवांडाने २०१७ मध्ये परवाना १,५०० डॉलरचा केला आणि गावांचा वाटा उद्यानांच्या उत्पन्नाच्या ५ वरून १० टक्क्यांवर नेला. आणि १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा ज्या बट्वा लोकांना त्यांच्याच जंगलातून बाहेर काढलं, त्यांच्यावरचा अन्याय अजून भरून निघालेला नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

तरीही पर्वतीय गोरिलांची संख्या हजाराच्या वर गेली आहे. २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त' गटात आणलं गेलं.

तुम्ही गेलात, तर सामान उचलायला गावातला माणूस नक्की घ्या, पाठीवर छोटी पिशवी असली तरी. ते पैसे थेट त्याच्या हातात पडतात.