जिनिव्हाला पत्र धाडायचंय? आधी तारखा शोधा

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की युनोनं शेतकऱ्यांसाठी पाच जणांची कमिटी नेमलीय, तिला ईमेल टाकला की कारखान्यानं थकवलेलं ऊसबिल निघतं. माझं गेल्या सीझनचं बिल अजून अडकलंय. खरं आहे का हे?
*एक ऊस उत्पादक, पलूस*

दादा, मेसेज अर्धा खरा आहे, पण तुम्ही भरवसा ठेवलाय तो नेमका खोट्या अर्ध्यावर. पाच जण खरे. युनोची मानवी हक्क परिषद आहे ना जिनिव्हाला, ४७ देशांची, तिनं ऑक्टोबर २०२३ मध्ये ठराव करून शेतकरी आणि ग्रामीण भागात राबणाऱ्या लोकांच्या हक्कांसाठी एक वर्किंग ग्रुप काढला, त्यात पाच तज्ज्ञ असतात. पण हे पाच जण म्हणजे कोर्ट नव्हे आणि वसुली अधिकारी तर नव्हेच, ते कुणाच्या खात्यावर पैसे जमा करू शकत नाहीत.

तुमच्या बिलाला कायदा इथलाच आहे आणि तो बरा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, नाही दिली तर वर १५ टक्के व्याज. अर्ज पुण्याला साखर आयुक्तांकडं करायचा, काट्याच्या पावत्या जोडून. आयुक्त आरआरसी काढू शकतात, म्हणजे जमीन महसुलासारखी वसुली कलेक्टरमार्फत. जिनिव्हापेक्षा पुणे जवळ पडतं ओ.

प्रश्न : मी यूपीएससी करतोय. वर्किंग ग्रुप, स्पेशल रॅपोर्टर, कमिटी सगळं एकच वाटतं. सोपं करून सांगा.
*एक विद्यार्थी, कऱ्हाड*

कमिटी बाजूला काढ आधी. ती एखाद्या करारातून येते आणि ज्या देशानं तो करार रीतसर मान्य केलाय (नुसती सही पुरत नाही) त्यालाच लागू होते. स्पेशल रॅपोर्टर आणि वर्किंग ग्रुप हे परिषदेनं नेमलेले तज्ज्ञ, देशाची सहीबिही लागत नाही, ते कुठल्याही देशाला पत्र लिहू शकतात. रॅपोर्टर एकटा असतो. ग्रुपमध्ये पाच, आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका आणि पश्चिम युरोप वगैरे अशा पाच गटांतून एकेक, म्हणजे हा सगळा एकाच बाजूचा कट आहे असं म्हणायला कुणाला जागा राहू नये. जास्तीत जास्त सहा वर्षं. पगार नाही! प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो, बाकी पोटापाण्याचं ज्याचं त्यानं बघायचं, त्यामुळं यात प्राध्यापक आणि वकील भरपूर. आपल्याकडचं नाव लक्षात ठेवायचं तर सूर्य देवा, ते उद्योग आणि मानवी हक्क या ग्रुपवर २०१६ ते २०२२ होते.

इतिहास विचारतील म्हणून सांगतो, १९७५ मध्ये चिलीतल्या लष्करी राजवटीच्या चौकशीसाठी पाच जणांचा तात्पुरता ग्रुप काढला होता, नंतर १९८० मध्ये सक्तीनं गायब केलेल्या माणसांसाठी ग्रुप आला, तो मुदत वाढत वाढत पुढं चालत राहिला (अर्जेंटिनात तेव्हा आया मुलांचे फोटो घेऊन चौकात फिरत होत्या), मग १९९१ ला मनमानी अटकेचा. एक फसवी जागा आहे, 'वर्किंग ग्रुप' नावाची दुसरी जात पण असते, तिच्यात तज्ज्ञ नाही तर देशांचे प्रतिनिधी बसून मसुद्यावर घासाघीस करतात. शेतकरी हक्कांचा जाहीरनामा तसल्याच ग्रुपात वर्षानुवर्षं रखडत रखडत तयार झाला आणि १७ डिसेंबर २०१८ ला आमसभेत पास झाला, बाजूनं १२१, विरोधात ८, तटस्थ ५४. भारत बाजूनं होता.

प्रश्न : आम्ही सीझनमध्ये फडावर जाऊन ऊसतोड बायकांसोबत काम करतो. जमीन नसलेल्या, कोयत्यावर आलेल्या बाईला त्या ग्रुपच्या लेखी शेतकरी म्हणतात का? आम्ही पत्र तयार केलंय, सोबत पाठवतेय, बघाल का?
*एक कार्यकर्ती, मिरज*

ताई, म्हणतात की. जाहीरनाम्याचं पहिलंच कलम बघा, त्यात भूमिहीन आहेत, स्थलांतरित मजूर आहेत, हंगामी मजूर आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात आणि बाईचं नाव कुठल्याच कागदावर नाही, हे तुम्ही तिसऱ्या पानावर लिहिलंय तीच तुमची खरी केस आहे. साखर पुढं कंपन्यांना जाते, म्हणून उद्योगवाल्या ग्रुपला पण तेच पत्र जाऊ शकतं, दोघं मिळून सरकारला एक पत्र काढतात कधीकधी.

आता पत्राबद्दल, राग मानू नका. चौदा पानं आहेत आणि पहिली तारीख येते नवव्या पानावर! त्याआधी सगळी चीड. चीड मला पटते, पण तिथला माणूस कोण, काय, कुठं, कधी, कुणी केलं हे शोधत बसणार आणि सापडलं नाही की पत्र बाजूला. मागं पेपरची कात्रणं लावलीत ती ठेवा, पण नुसत्या पेपरच्या बातम्यांवर तक्रार चालत नाही असा त्यांच्या आचारसंहितेतच नियम आहे, बाईचं स्वतःचं सांगणं पाहिजे. शिवराळ भाषा पण चालत नाही, सहाव्या पानावरचा 'तो' शब्द काढा.

आणि नाव. ग्रुपनं मनावर घेतलं तर ते सरकारला पत्र लिहितात, उत्तराला साधारण ६० दिवस, मग पत्र आणि उत्तर दोन्ही जगासाठी उघडं. त्या पत्रात बाईचं नाव जाऊ द्यायचं का हे तिला विचारलंय का तुम्ही? पुढच्या सीझनला तिला त्याच मुकादमाच्या ट्रॅक्टरवर चढायचंय. नाव सरकारपर्यंत जाईल, हे तिला तिच्या भाषेत सांगा, मग हो-नाही लिहा.

प्रश्न : सरकारनं ऐकलंच नाही तर? मग कशाला हा उपद्व्याप?
*एक निवृत्त मास्तर, कोरेगाव*

सर, नाही ऐकत पुष्कळदा. लंडनला इक्वेडोरच्या दूतावासात अडकून पडलेल्या विकीलिक्सवाल्या ज्युलियन असांजबद्दल अटकेच्या ग्रुपनं मत दिलं की ही मनमानी कैद आहे, २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं, ब्रिटननं सरळ झिडकारलं आणि तो २०१९ पर्यंत त्याच दूतावासात. ग्रुपला देशात यायचं तरी सरकारचं बोलावणं लागतं. पण तुम्ही नोकरीत असताना शिक्षणाधिकाऱ्याचं 'खुलासा करावा' आलं की ऑफिसात काय पळापळ व्हायची आठवा. शिक्षा नसायची, पण कपाटातली फाइल बाहेर यायची, आणि लेखी उत्तर एकदा दिलं की नंतर त्यातून मागं फिरता येत नाही. मिरजेच्या ताईंना मी पत्र पाठवा म्हणतोय ते तेवढ्यासाठीच. पलूसच्या दादांनी मात्र आधी पुण्याची गाडी धरावी.