रझांचा बिंदू ही तांत्रिक यंत्रांची नक्कल आहे का?

आपण विचारले आहे की, सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांतील बिंदू, त्रिकोण आणि वर्तुळे जर जुन्या तांत्रिक यंत्रांतूनच, म्हणजे तंत्रसाधनेत वापरल्या जाणाऱ्या भौमितिक आकृत्यांतूनच आलेली असतील, तर त्यांत चित्रकाराचे स्वतःचे काय उरते. जळगावात चित्रकला शिकवताना हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनीही अनेकदा विचारला आहे.

माझ्या मते ती नक्कल नाही. रझांचा जन्म 1922 चा, मध्य प्रदेशातील मंडला भागातला. वडील वनखात्यात असल्यामुळे बालपण जंगलात गेले. अभ्यासात चित्त लागत नाही हे पाहून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले, ही आठवण ते पुढे नेहमी सांगत. मात्र 1950 मध्ये फ्रान्सला गेल्यावर त्यांनी कितीतरी वर्षे घरे, गावे आणि निसर्गच रंगवला. तिथे मान मिळूनही आपले मूळ चित्रांत येत नाही ही खंत राहिली, म्हणून सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात आले, अजिंठा-वेरूळ पाहिले, राजस्थानी लघुचित्रांकडे वळले. बिंदू चित्राच्या केंद्रस्थानी आला तो 1980 च्या सुमारास, म्हणजे साठीजवळ. नक्कलच करायची असती, तर एवढा काळ जावा लागला नसता.

आपल्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते. चौरंगावरच्या नारळाला डोळे आणि नथ लावेपर्यंत घरात नेहमीची लगबग चालू असते. डोळे लागले की माझी आजी बोलणे थांबवून हात जोडायची. कालपर्यंत साधा असलेला तो नारळ त्या क्षणापासून आमच्याकडे पाहू लागे. रझांचे 1981 चे ‘माँ’ हे चित्र, ज्यात मोठा काळा बिंदू आहे आणि खाली देवनागरीत कवितेची ओळ आहे, पाहताना मला तेच जाणवते. ते काळे वर्तुळ यंत्राचा भाग म्हणून तिथे नाही, दूरदेशी राहिलेल्या मुलाची ओढ त्यात साठली आहे.

त्यांची उत्तरकाळातली काही चित्रे मला एकसारखी वाटतात, हेही सांगितले पाहिजे. या पुनरावृत्तीला ते जपमाळेची उपमा देत. ती मला पटते, पण जपातही प्रत्येक मणी सारख्याच एकाग्रतेने ओढला जातो असे नाही, आणि काही चित्रांत ते दिसते.