पहिली बैठक हॉलमध्ये नको

पुण्यात तुमच्या भागात पर्यावरणाची बैठक घ्यायची म्हणतोयस, फार बरं वाटलं. पण हॉल, माइक, पाहुणे यात पडू नकोस. रविवारी सकाळी चौकात जमा आणि भाजी मंडईपर्यंत चाला. एखाद्या आजींना पुढे चालू दे. फुटपाथ कुठे संपतो, विजेच्या डीपी बॉक्सला वळसा घालून त्यांना रस्त्यावर कुठे उतरावं लागतं, ते फोटोसकट टिपून ठेव.

झाडांवर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं. बुंध्यावर तोडीची नोटीस दिसली की त्याच दिवशी हरकत लिहायला बसा; १९७५ च्या वृक्ष कायद्यात त्यासाठी सातच दिवस मिळतात. झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल, तर याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ते हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष ठरतं. हे अर्जात ठळक लिहा. एकच मजकूर सगळ्यांनी सह्या करून देण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलेला अर्ज मला मोलाचा वाटतो.

महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांना कामं सुचवता येतात. तिथे ‘परिसर सुधारणा’ असं मोघम लिहू नका. कोणत्या गल्लीतला कोणता चेंबर उघडा आहे, ते नेमकं लिहा. आणि हो, चहाचे पेले प्रत्येकाला घरून आणायला सांग.