मोवर दम सोडतं, तेव्हा आधी इंजिनाचा आवाज ऐका

पाऊस जरा उघडला की बागेतलं गवत गुडघ्याला लागतं आणि मोवरची, म्हणजे गवत कापायच्या यंत्राची, खरी गरज तेव्हाच पडते. या पंधरवड्यात इंदूरच्या आसपासहून मोवर दम सोडत असल्याच्या तीन तक्रारी आल्या. तिन्हींची उत्तरं एकत्र देतो.

प्रश्न : सिमरोलकडे आमची जामाची बाग आहे. मिनी ट्रॅक्टरला पट्ट्यावर चालणारं तीन पात्यांचं मोवर आहे. वीसेक मिनिटं छान कापतं, मग मागे गवत उभंच राहतं. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालतं. हंगामात दोन पट्टे बदलले. आता मेकॅनिक डिझेल पंप उतरवायचा म्हणतो.

उत्तर : काका, पंपाला हात लावू देऊ नका. गवत उभं राहतं तेव्हा इंजिनाचा आवाज बसतो का, एवढंच मी फोनवर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आवाज तसाच राहतो. म्हणजे इंजिन ताकद देतं आहे, ती पात्यांपर्यंत पोचत नाही. वाटेत कुठेतरी घसरतं आहे.

बागेत येऊन जे पाहिलं, ते इतरांच्याही उपयोगाचं आहे. वरचं झाकण काढताच जळक्या रबराचा वास आला. पुल्यांभोवती ओलं गवत लगद्यासारखं थापलेलं. नवा पट्टा कडांना काचेसारखा गुळगुळीत झालेला. पण खरा दोष ताण देणाऱ्या पुलीच्या दांड्यात होता. हाताने ओढून सोडला तर तो स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. तो तिथेच राहिला. दांडा ज्यावर फिरतो त्या खिळीत गंज आणि काळी माती बसली होती. पट्टा थंड असताना कसाबसा धरायचा. तापून सैल झाला की दांडा मागोमाग सरकत नव्हता, पट्टा घसरायचा आणि घसरून आणखी तापायचा. तुमची वीस मिनिटं ती हीच.

दुसरी गोष्ट, पट्टा उतरवून तिन्ही पाती हाताने फिरवली. दोन सहज फिरली, डावीकडचं जड. त्याच्या स्पिंडलला, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या आसाला, खालून ठिबकच्या नळीचा तुकडा आणि सुतळी घट्ट गुंडाळली गेली होती. ते कापून काढलं तरी बेअरिंग खरखरतच होतं, ते बदलावंच लागेल. दांड्याची खिळी साफ करून ग्रीस द्या, स्प्रिंग ताणली गेली असेल तर नवी घाला, मगच तिसरा पट्टा. आधी घातलात तर तोही जळेल. पुलीची खाचही पाहा : तळ चकाकत असेल तर पट्टा कडांनी न धरता तळाशी टेकतो आहे, म्हणजे पट्टा नाहीतर पुली झिजली आहे.

हे सगळं करताना पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता शाफ्ट) बंद, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात आणि उचललेल्या मोवरखाली लाकडी ठोकळे. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नका, ते हळूहळू उतरतं. त्या दिवशी तुमचा मुलगा तसाच वाकला होता, माझ्या काळजात धस्स झालं.

प्रश्न : देपालपूरहून. आमच्याकडे स्लॅशर (ट्रॅक्टरला जोडायचं, दाट गवत कापणारं मोवर) आहे. गवत लागलं की इंजिनच बसतं, कधी बंदही पडतं.

उत्तर : दादा, बसताना धूर कसा येतो ते पाहा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा भार जास्त होतो. एअर क्लीनर उघडा. तेलाचा असेल तर वाडग्यातलं तेल बदलून खुणेपर्यंतच भरा; गवत कापताना उडणारा भुसा त्यात फार लवकर साचतो. धूर न येता इंजिन गुदमरल्यासारखं बसत असेल, तर डिझेल पोचत नाही. फिल्टर नंतर, आधी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर झाकणाचं छिद्र चिखलाने बुजलं आहे. बारीक तारेने मोकळं करा, खर्च शून्य. तरी फरक पडला नाही तर फिल्टरखालचं पाणी काढा, फिल्टर बदला आणि बदलल्यावर लाइनमधली हवा काढायला विसरू नका.

प्रश्न : सांवेरहून. 18 एचपीचा ट्रॅक्टर, 4 फुटी स्लॅशर. सगळं तपासलं, तरी कंबरभर गाजरगवतात ओढत नाही.

उत्तर : भाऊ, यात बिघाड नाही, जोडी चुकली आहे. स्लॅशरला रुंदीच्या दर फुटामागे पीटीओवर साधारण 5 एचपी लागतात, म्हणजे तुम्हाला 20 हवेत. इंजिनाचे 18 पीटीओपर्यंत जेमतेम 15 उरतात. त्यावर 3 फुटीच चालेल. तोपर्यंत अर्धी रुंदीच गवतात घाला आणि पहिला फेरा उंच ठेवा. सावकाश जायचं म्हणून ॲक्सिलरेटर कमी करू नका, ही चूक मी रोज पाहतो. पीटीओचे मिनिटाला 540 फेरे पूर्ण मिळतील इतका ॲक्सिलरेटर ठेवा आणि वेग गिअरने कमी करा. इकॉनॉमीचा पीटीओ (इंजिन कमी फिरवून तेवढेच फेरे देणारा) असेल तर तो हलक्या कामाला. दाट गवतात साधा 540 च लावा.

540 म्हणजे सेकंदाला 9 फेरे. शाफ्टचं प्लास्टिकचं आवरण फुटलं असेल तर ते आधी बसवा, आणि गळ्यातला गमछा घरी ठेवून या. टोक अडकलं तर हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. गाजरगवत मात्र फुलावर यायच्या आतच कापा, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, नाक-तोंड घट्ट बसणाऱ्या मास्कने झाकून.