मशीनवरची चादर

पत्र: ताई, माझं वय ४६. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी केमो. सहापैकी तीन झाल्या. मी वीस वर्षं घरीच शिवणकाम करते. आजार कळल्यापासून घरच्यांनी मशीन कोपऱ्यात सरकवून त्यावर चादर टाकलीये. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. तिसऱ्या केमोच्या रात्री झोप येईना, अंगात एकदम उत्साह आला, म्हणून सगळे झोपल्यावर दोन तास शिवत बसले. तिसऱ्या दिवशी अशी आडवी झाले की उठवेना. मिस्टर म्हणाले, बघ, मशीनचा हट्ट नडला. नुसतं पडून राहिलं की डोक्यात नको ते विचार वळवळतात. काम करावंसं वाटणं चूक आहे का? हल्ली बोटांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, हे घरी सांगितलेलं नाही.

उत्तर: काम करावंसं वाटण्यात चूक काहीच नाही. पण त्या रात्रीचं आधी बघू, कारण खटला चुकीच्या आरोपीवर चाललाय असं मला वाटतं.

केमोच्या वेळी उलटी आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून बरेचदा स्टिरॉइड देतात. त्याने झोप उडते, हातपाय शिवशिवतात, घर आवरायला काढावंसं वाटतं. ही ताकद उसनी असते. औषध उतरलं की दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास माणूस कोसळतो. तुम्ही मशीनला हात लावला नसता तरी तिसऱ्या दिवशी बहुधा आडव्याच झाला असता. मिस्टरांनी दोन गोष्टी लागोपाठ पाहिल्या आणि जोडल्या. त्यांना दोष देत नाही, कोणीही तेच केलं असतं. पुढच्या वेळी दोघं मिळून डॉक्टरांना विचारा, "मला स्टिरॉइड देता का, आणि त्याची गोळी सकाळी घेता येईल का?" उत्तर मिस्टरांना स्वतःच्या कानांनी ऐकू दे.

तुमच्याकडे मापांची वही असेलच. तिची मागची दोन पानं स्वतःसाठी ठेवा. एकवीस दिवसांच्या एकवीस ओळी. रोज संध्याकाळी, आज दहापैकी किती ताकद होती, तेवढा आकडा. चौथ्या केमोची ओळ पाचव्याच्या शेजारी आली की तुमचं तुम्हालाच कळेल, कुठले दिवस पडायचे आणि कुठले शिवायचे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा गिऱ्हाइकांची ये-जा नको. आणि ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअसला टेकला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन. आपल्या मनाने तापाची गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही.

आता मुंग्या. हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत, मला मात्र पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. केमोच्या काही औषधांनी हातापायांच्या नसांना इजा होते. वेळीच कळलं तर डॉक्टर मात्रा बदलू शकतात. "डॉक्टर, हातपाय बधिर होतात" असं मोघम नको. "पूर्वी एका झटक्यात दोरा ओवायचे, आता पाचदा चुकतो" असं सांगा. तुमच्याइतकं नेमकं मोजमाप फार कमी पेशंटकडे असतं. तोवर अंगुस्तान घातल्याशिवाय हातशिलाई नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला टोचणं, कापणं मुळीच नको. इस्त्री दुसऱ्या कोणाला तरी करू दे. बधिर बोटांना चटका उशिरा कळतो.

कामं वाटताना एकच नियम धरा, तारखेचं काम घ्यायचं नाही. कटिंग फक्त डोकं लख्ख असेल त्या दिवशी. केमोत विसरायला होतं, आकडे निसटतात, आणि कापलेलं कापड परत जोडता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! धुकट दिवशी उसवायची कामं काढा, रिळं रंगांनुसार लावा. अगदीच पडून असाल तर मुलीला समोर बसवून सांगा, हे असं धर, ते तसं दुमड. तेही कामच. एखादं काम असं हवं, की तुम्ही नाही केलं तर ते तसंच राहील. घरच्यांना हेच कळत नाही. ते प्रेमाने सगळं हातातून काढून घेतात, आणि माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो.

मिस्टरांशी बोलताना "मला करू द्या" म्हणू नका, त्यावर "नको"च येतं. वही दाखवा. म्हणा, "सात आकडा असेल त्या दिवशी अर्धा तास, घड्याळ तुम्ही लावा." त्यांनाही भीती वाटते, आणि चादर टाकण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नाही. त्यांना घड्याळ द्या.

पडून राहून हा थकवा जातो, असंही नाही. उलट स्नायू सैल पडतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज दहा मिनिटं चाला, मग वाढवा. कॅन्सर आणि व्यायामाच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून २०१९मध्ये सांगितलेला आकडा आठवड्यातून तीनदा अर्ध्या तासाचा आहे, पण तो गाठायचा, तिथून सुरुवात करायची नाही.

आणि ते वळवळणारे विचार. शिवताना ते गप्प बसतात, मशीन थांबलं की पुन्हा येतात, असं असेल तर ती नुसती रिकामपणाची तक्रार नाही. हॉस्पिटलमध्ये समुपदेशक असतील तर त्यांना भेटा, नसतील तर डॉक्टरांनाच सांगा. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांपुढे हसून मान हलवावी, तेवढंच. घाबरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मशीन इतके दिवस बंद आहे म्हणजे जड चालणार. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताने चाक ओढत बसू नका. आधी मिस्टरांना तेल घालायला सांगा. कुठल्या भोकात किती थेंब, ते त्यांना माहीत नसेल. शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि दाखवा.