डिसेंबरात जन्मलेला मुलगा

"मॅडम, दोन वर्षं झाली फुटबॉल अकॅडमीत घालून, अजून बेंचवरच. काढून दुसरीकडे घालू का?" बाबांनी टेकायच्या आधीच विचारलं. मुलगा तेरा वर्षांचा, नजर बुटांवर. मॅचच्या दिवशी सकाळी त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे आले होते.

मी आधी जन्मतारीख विचारली. डिसेंबर अखेर. त्या अकॅडमीत वयोगट १ जानेवारीपासून धरतात, म्हणजे त्याच गटातला जानेवारीचा मुलगा याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा. त्यात मुलांची उंची झपाट्याने वाढते ती साधारण चौदाच्या सुमारास. कुणाची बाराव्या वर्षीच, कुणाची पंधरा उलटल्यावर. त्यामुळे या वयात खेळाआधी अंगपिंड नजरेत भरतं, आणि जाणते प्रशिक्षकही फसतात. इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी याला शेफील्ड वेन्सडे क्लबने १६व्या वर्षी लहानखुरा म्हणून सोडलं होतं. २०१६ मध्ये तो लेस्टर क्लबकडून प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकला. हे ऐकून बाबांचे डोळे असे चमकले की उगाच सांगितलं असं वाटलं. सोडलेल्या मुलांतले बहुतेक वार्डी होत नाहीत, हेही लगेच सांगावं लागलं.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. बेंचचं दुःख होतंच, पण पोटात गोळा यायचा तो घरी परतण्याच्या विचाराने. गाडीत बसलं की बाबा सुरू: तो पास का चुकला, तिथे धावला का नाहीस? "आणि खेळवलंच नाही तर ते गप्प बसतात. ते जास्त वाईट."

बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. परतताना फुटबॉलचा विषय मुलाने काढला तरच बोलायचं. आणि प्रशिक्षकांना "का खेळवत नाही?" असं न विचारता "येत्या तीन महिन्यांत याने काय सुधारावं?" असं विचारायचं, तेही मुलाला सोबत घेऊन.

दुसरं लगेच झालं. प्रशिक्षकांनी नेमकं सांगितलं: डावा पाय, आणि चेंडू येण्याआधी मान वळवून आजूबाजूला बघणं. त्यांना काहीच सांगता आलं नसतं, तर अकॅडमी बदला असं मीच म्हटलं असतं. पहिलं मात्र जमायला बाबांना दीड महिना लागला. मध्ये एकदा फोन आला, "मॅडम, फक्त एक पेनल्टीबद्दल बोललो तर चालेल?"

नाही म्हटलं.